उभे राहून, एकमताने

५ ऑगस्ट

मामा, सलाम.

"प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या माणसांना मोजायचं नसतं." हे तुम्ही मला म्हणालात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सभा नुकतीच संपली होती. तुम्ही चर्चच्या दाराशी एकेकाचा हात हातात घेत उभे होतात आणि मी तुमचा झगा ओढून कसलातरी आकडा सांगत होते. आकडा आता आठवत नाही. तेव्हा मी सगळंच मोजायची, पायऱ्या, बाकं, मामीच्या शिंका. तुम्ही मला मोजणीबाई म्हणायचात ते त्यावरूनच. त्यानंतर मी रांगेत मोजलं, जिन्यात मोजलं, पण चर्चमध्ये कधी मोजलं नाही. आता वाटतं, मोजायला हवं होतं.

तुम्हाला माहीतच आहे, चार वर्षांपासून मंडळीच्या सभांचं इतिवृत्त मी लिहिते. जुलैच्या शेवटच्या रविवारी मंडळीची सभा झाली. तिच्यात जे घडलं ते सांगते आणि मग एक प्रश्न विचारते.

आपल्या पेटीवाल्या बाई तुम्हाला आठवत असतील. त्यांचा नवरा लांब नोकरीला आहे, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. मे महिन्यात त्या पाळकांकडे एकट्या गेल्या आणि त्यांनी खरं काय ते सांगितलं. नवऱ्यानं तिकडे दुसरं घर केलं आहे. त्याच महिन्याच्या तिसऱ्या रविवारी पाळकांचा संदेश 'वाट पाहणं' या विषयावर होता. ते म्हणाले, आपल्यात एक बहीण आहे, परतणार नाही अशा माणसासाठी ती रोज एक ताट जास्तीचं मांडते. नाव घेतलं नाही. सगळे पेटीकडे बघू लागले. बाईंनी शेवटचं गीत पुरं वाजवलं, एक सूर चुकला नाही, आणि सोमवारी तक्रार समितीकडे अर्ज दिला. समितीत तिघं असतात. सध्या एक पाळकांचे मेहुणे, एक निवृत्त हेडमास्तर आणि अध्यक्ष म्हणून स्वतः पाळक. उत्तर आलं की हा विषय प्रार्थनेत ठेवावा.

मग ही सभा. शेवटी पाळक म्हणाले, आपल्या बहिणीचं मन थकलं आहे. तिला पेटीच्या सेवेतून विश्रांती द्यावी आणि मन स्थिर होईपर्यंत तिला शिस्तीखाली ठेवावं. आणि त्याच श्वासात म्हणाले, "सगळे उभे राहू या, ही गोष्ट प्रभूच्या हाती देऊ."

सगळे उभे राहिले. प्रार्थनेला बसून कोण राहतं? मीही उभी राहिले, हातात पेन होतं. खाली बसल्यावर नेहमीचं वाक्य लिहिलं: 'मंडळीने प्रार्थनेत उभे राहून एकमताने मान्य केले.' लिहून झाल्यावर वाचलं. चार वर्षांत मी ते किती वेळा लिहिलं असेल, पण वाचलं पहिल्यांदा.

बाईंना आता नदीपलीकडच्या चर्चमध्ये जायचं आहे. तिथं सभासदत्वाचा दाखला लागतो आणि दाखल्यावर 'शिस्तीखाली' असं येणार. असा दाखला बघून त्यांना कुणी पेटीला हात लावू देणार नाही, प्रभुभोजनही देणार नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढची सभा आहे. तिथं मी हे इतिवृत्त वाचायचं आणि मंडळीनं ते कायम करायचं. एकदा कायम झालं की बदलता येत नाही.

प्रश्न असा. नियमाच्या पुस्तकात मत हात वर करून द्यायचं असं आहे. प्रार्थनेला उभं राहणं म्हणजेच मत, ही पद्धत कधी सुरू झाली? तुम्ही चोवीस वर्षं इथले पाळक होतात, तुम्हालाच माहीत असणार.

तुमचा चष्मा मंगळवारी टाकते.

तुमची भाची

•

१४ ऑगस्ट

मोजणीबाईस, मामाचा सलाम.

चष्मा पोचला. वाचायला झकास आहे. तुझ्या दुकानात मी तक्त्यावरची खालची ओळ पाठ म्हणून दाखवली होती, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसतं. मामी म्हणते, ब्याऐंशीव्या वर्षी परीक्षेत कॉपी करणारा पाळक तिनं दुसरा पाहिला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बाकांवरून भांडण झालं होतं. बाकांची तोंडं खिडकीकडे असावीत की भिंतीकडे, यावरून दोन घराण्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. सभेत एकानं दुसऱ्याच्या बापाचा उद्धार केला. हात वर करायला सांगितलं असतं तर प्रत्येक हात शेजाऱ्यानं आयुष्यभर लक्षात ठेवला असता. मी म्हणालो, चला, उभे राहू आणि प्रार्थना करू. सगळे उभे राहिले. उभ्या माणसाला डोळे मिटून भांडता येत नाही. प्रार्थना संपली तेव्हा भांडणही संपलं होतं. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. मला ती कृपा वाटली, अजूनही वाटते. आता तिचा कुणी गैरवापर करत असेल तर तो दोष उभं राहण्याचा नाही.

पेटीवाल्या बाईंचं ऐकून वाईट वाटलं. पण तू सभेत काही काढू नकोस. हा पाळक तरुण आहे, चारचौघांत बोललं की ताठेल. एकटी जा, बहिणीच्या नात्यानं बोल. आपलं मन आधी उघडलं की समोरच्याचंही उघडतं, हा माझा अनुभव.

जुन्या वह्या चाळत बसू नकोस. वाळवी लागली असेल, आणि धुळीनं तुला शिंका येतात. ते मामीकडून आलंय तुझ्यात.

मामा

•

२ सप्टेंबर

मामा, सलाम.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. एकटी गेले. पाळकांनी चहा मागवला, दार लावून घेतलं, आणि म्हणाले, "इथं बोललेलं इथंच राहतं." मी आधी माझं मन उघडलं. त्यांना एक गोष्ट सांगितली, जी मी तुम्हालाही सांगितलेली नाही. बाबा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, मला प्रार्थना करता आलेली नाही. उभी राहते, डोळे मिटते, शब्द येत नाहीत. मग बाईंचा विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकलं, वहीत काहीतरी टिपलं, मला धन्यवाद दिले.

परवाच्या रविवारी ते संदेशात म्हणाले, "आपल्यात एक बहीण आहे. मंडळीची प्रत्येक प्रार्थना ती वहीत लिहिते, पण तिनं स्वतः अकरा वर्षांत एक प्रार्थना केलेली नाही. तिच्यासाठी उभे राहू या."

सगळे उभे राहिले. मीही राहिले, माझ्यासाठीच.

मला फार राग आला असं नाही. आमच्या दुकानात लोकांना खुर्चीत बसवून मी भिंगं बदलते आणि विचारते, हे बरं की हे बरं? निम्मे लोक माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतात. त्यांना नीट दिसण्यापेक्षा बरोबर उत्तर हवं असतं. त्या रविवारी उभी असताना मला तीच खुर्ची आठवली, एवढंच. बाहेर आल्यावर दोघीतिघींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकीनं विचारलं, झोप तरी लागते का गं? हेडमास्तर म्हणाले, इतिवृत्ताचा भार काही दिवस दुसऱ्या कुणाकडे दिला तर तुलाही विश्रांती मिळेल.

विश्रांतीचा अर्थ मला आता कळतो. म्हणून वह्या अजून माझ्या कपाटात आहेत तोवर मी त्या चाळल्या. वाळवी लागलेली नाही. शिंका आल्या.

मामा, बाकांचं भांडण वहीत आहे. पण 'प्रार्थनेत उभे राहून एकमताने' हे शब्द त्याच्या दोन वर्षं आधीच येतात. पाळकानं एका मंडळीत सात वर्षांहून जास्त राहू नये असा नियम होता. तुमचं सातवं वर्ष संपत होतं. त्या सभेत नियम रद्द झाला, आणि हे शब्द पहिल्यांदा तिथं आहेत. हजर सभासद अडुसष्ट. खाली सह्या. बाबांची सही चाळिसावी आहे, सगळ्यांत घाईनं केलेली. त्यानंतरच्या एकाही पानावर त्यांची सही नाही.

अडुसष्ट आकडा वाचला आणि मी दाराशी काय सांगत होते ते आठवलं. मी म्हणत होते, "मामा, सदुसष्ट."

त्या दिवशी कोण बसलं होतं?

तुमची भाची

•

९ सप्टेंबर

चिमणे,

हे पत्र मामी लिहितेय, अक्षर लावून घे. तुझं पत्र आल्यापासून यांनी ते तीनदा वाचून उशीखाली घातलंय. जेवायला बोलावलं की म्हणतात, भूक नाही, आणि मग डबा उघडून उभ्याउभ्या खातात. मला म्हणतात, तूच लिही काहीतरी. काहीतरी म्हणजे काय? मला एकच लिहिता येतं, खरं.

तुझे बाबा बसले होते. माझ्या भावासारखा माणूस, नणंदेचा नवरा, म्हणून मला ते पाठीमागून लगेच दिसलं. सगळे उभे आणि दुसऱ्या बाकावर मधेच एक खड्डा. सभेआधी आठवडाभर ते घरी येऊन यांच्याशी बोलत होते. म्हणत होते, दाजी म्हणून नाही सांगत, सभासद म्हणून सांगतो, नियम आपल्यासाठी मोडू नका, मोडायचाच तर हात मोजून मोडा. सभेत त्यांनी तेच बोलायला तोंड उघडलं आणि यांनी प्रार्थनेला उभं राहायला सांगितलं.

बाहेर बायकांनी मला विचारलं, भाऊ उठले नाहीत ते? मी म्हणाले, कंबर धरलीय हो त्यांची. ते कंबरेचं मी काढलं. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, मग तुझ्या आईनंही कंबरच सांगितली. त्यानंतर कुणी विचारायचंच सोडलं. यांच्या मनात काय होतं ते यांनाच विचार, पण कंबर माझी आहे. ती मी कुणाला देणार नाही.

तेल लावते का गं केसांना?

मामी

•

१५ सप्टेंबर

भाचीस,

मामीनं लिहिलं ते खरं आहे. तिनं एक सोडलं, कारण तिला ते माहीत नाही. तुझे बाबा बोलले असते तर मी हरलो असतो. मी आधीच मनात हात मोजले होते. तीसेक माझ्याकडे, उरलेले तिकडे. ते उठायच्या आधी माझ्या तोंडून 'उभे राहू या' निघालं. मला खरंच वाटलं की प्रभूनं ते सुचवलं. सगळे उभे राहिलेले पाहून तर खात्रीच झाली. मग तू दाराशी येऊन आकडा सांगितलास.

पुढची सतरा वर्षं मी चांगला पाळक होतो, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो. तुझे बाबा तुम्हाला दर रविवारी फाटकापाशी सोडायचे आणि समोरच्या हॉटेलात पेपर वाचत बसायचे. मी खिडकीतून बघायचो. एकदाही रस्ता ओलांडून गेलो नाही. त्यांच्या दफनाच्या वेळी प्रार्थना मीच केली. 'उभे राहू या' म्हणायची सवय जिभेला होती, म्हणालो. सगळे उभेच होतो. ते सोडून.

तू काय करायला निघाली आहेस याचा मला अंदाज आहे. माझा आशीर्वाद आहे. पण माझ्याकडून लोकांसमोर काही मागू नकोस. या वयात माणसाकडे नावाशिवाय काही उरत नाही, आणि मला ते घेऊनच जायचं आहे. तुझ्या अकरा वर्षांबद्दल मला काही बोलता येत नाही. मला आधी सांगितलं असतंस तर मी तुला त्या पाळकाकडे पाठवलं नसतं, एवढं मात्र खरं.

मामा

•

२२ सप्टेंबर

मामा, सलाम.

मामीचं आणि तुमचं, दोन्ही पत्रं ओळीनं ठेवून वाचली. बाबा पंप दुरुस्त करायचे. विहिरीतून मोटार दोरानं वर ओढायचे, एकटे. मी काठावर बसून दोराचे वेढे मोजायची. त्या माणसाला बाकावर बसायचं म्हटलं की कंबर साथ देत नाही, हे मी सव्वीस वर्षं मानलं. माझं काम लोकांना नीट दिसतं की नाही ते तपासायचं आहे. जाऊ दे. आईनं मात्र ते कसं पेललं असेल याचा विचार येतो. दर रविवारी हॉटेलच्या दारात उभी राहून ती म्हणायची, चला, झालं. बाबा पेपरची घडी घालायचे आणि विचारायचे, कोण कोण आलं होतं? तेव्हा वाटायचं, त्यांना गप्पा हव्यात.

आता माझं. मंडळीचे पंच, त्यांत हेडमास्तरही, दोनदा घरी येऊन गेले, वह्या मागायला. मी म्हटलं, नियमाप्रमाणे ज्यानं इतिवृत्त लिहिलं त्यानंच वाचायचं असतं, ऑक्टोबरची सभा झाली की वह्या पोचत्या करते. हेडमास्तरांना नियम आवडतात, त्यांना नाही म्हणता आलं नाही.

इतिवृत्तात मी दुरुस्ती केली आहे. कायम होईपर्यंत लिहिणाऱ्याला तेवढा अधिकार आहे. जुनी ओळ खोडलेली नाही, तिच्यावर एक रेघ मारली आहे, म्हणजे वाचता येते. खाली लिहिलं आहे: 'पेटीवाल्या बाईंना शिस्तीखाली ठेवण्याचा विषय मतास टाकला गेला नाही. मंडळी प्रार्थनेसाठी उभी राहिली. इतिवृत्त लिहिणारी उभी राहिली, ते मत नव्हते.' सही केली. बाईंना दाखवायला गेले होते. त्या शाळेचे गणवेश शिवतात, मशीन थांबवलं नाही. वाचून म्हणाल्या, "हे वाचल्यावर ते पुन्हा उभे राहू या म्हणतील, बाई. मग?"

बरोबर आहे त्यांचं. मी वाचेन, पाळक म्हणतील, ही गोंधळाची गोष्ट आहे, प्रभूच्या हाती देऊ, उभे राहू या. सगळे उभे राहतील. मी बसून राहीन, ते ठरलं आहे. पण मी बसले तर काय होणार, तेही मला दिसतं. अकरा वर्षं प्रार्थना न करणारी बाई बसली, असं होईल. कारण त्यांनी आधीच दिलेलं आहे, कंबरेसारखं. रेघेखालची माझी ओळ एकट्या आजारी बाईची होईल, आणि रेघेवरची ओळ पुन्हा एकमतानं कायम होईल.

सभासदांच्या यादीत पहिलं नाव अजून तुमचं आहे. निवृत्त पाळकाचं नाव कमी करत नाहीत. म्हणजे तुम्हाला मत आहे. सकाळच्या गाडीनं निघालात तर सभेच्या तासभर आधी पोचाल, मी स्टेशनवर येईन. मामीला आणा, तिची उशी आणि तिचा स्टोव्ह नको, माझ्याकडे दोन्ही आहे.

तुम्ही लिहिलंत, लोकांसमोर काही मागू नकोस. मी ते वाचलं आहे आणि तरी मागते आहे. तुमच्या नावाचं काय होईल हे मला सांगता येत नाही. बरं होईल असं म्हणणार नाही. काही लोक तुमचा हात हातात घेणार नाहीत. ज्यांचा बाप्तिस्मा तुम्ही केलात तेही त्यात असतील.

यासोबत दुसरा चष्मा पाठवते. तुम्ही फक्त वाचायचा मागितला होता. हा लांबचा आहे, नंबर मी अंदाजानं काढलेला नाही. तुम्ही पाठ म्हणून दाखवत होतात तेव्हा मी तक्ता बदलला होता, आणि तुम्ही कुठल्या ओळीला थांबलात ते लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या बाकावर, भिंतीकडून तिसरी जागा. तिथं बसा. पाळकांनी उभं राहायला सांगितलं की सगळे उठतील, तेव्हा उठू नका. आणि प्रार्थना संपल्यावर कुणी काळजीनं विचारेलच, कारण तुमचे गुडघे सगळ्यांना ठाऊक आहेत, तर तेव्हा गुडघे सांगू नका.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. तरी मामा, बसून राहाल?

तुमची भाची